वाळवंटातील थंडी आणि शिपायाचा पोशाख

तंजावूर शहरातून निघून पट्टुक्कोट्टई ओलांडून समुद्राच्या रोखाने गेले म्हणजे किनाऱ्यालगत एक आठ मजली, षट्कोनी बुरूज दृष्टीस पडतो. आसपासचे लोक त्याला ‘मनोरा’ म्हणतात. तंजावूरचे भोसले राजे दुसरे सरफोजी यांनी तो बांधविला. इंग्रजांचा विजय आणि बोनापार्टचा पाडाव यांच्या स्मरणार्थ हा स्तंभ उभारला आहे, असे त्यावरील शिलालेख सांगतो. साल दिले आहे १८१४. हा मजकूर ज्या भाषांत कोरला आहे त्यांत मराठीही आहे. कावेरीच्या खोऱ्यातील एका मराठी राजाने युरोपातील सम्राटाच्या पराभवाचे स्मारक का उभारावे, याचे राजकीय उत्तर सोपे आहे. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता आणि इंग्रजांशी असलेली मैत्री जाहीरपणे सांगणे राजाला भाग होते. परंतु त्या दगडाकडे दुसऱ्याही दृष्टीने पाहता येते. ज्याच्या पाडावाची ही नोंद आहे, त्या सेनापतीने चौदा वर्षांच्या अवधीत आपली फौज एकदा मिसरच्या वाळवंटात नेली आणि एकदा रशियाच्या बर्फात नेली. दोन्ही ठिकाणी शत्रूच्या तोफांइतकेच हवामान त्याला आडवे आले, आणि दोन्ही ठिकाणी शिपायाच्या अंगावर काय आहे हा प्रश्न तोफखान्याइतकाच महत्त्वाचा ठरला.

रशियातील थंडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. वाळवंटातील थंडीची कथा मात्र फारशी कोणी सांगत नाही; कारण वाळवंट म्हटले की डोळ्यांपुढे येते ते तळपते ऊन, तापलेली वाळू आणि कोरडा पडलेला घसा. तंजावूरसारख्या गावी पौष-माघातही पारा वीस अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. तेथे खांद्यावरचे उपरणे अंगाभोवती लपेटले की थंडीचा बंदोबस्त पुरा होतो. अशा मुलखातील मनुष्याला वाळवंटात लोकरीचे कपडे लागतात असे सांगितले तर तो हसण्याचाच संभव अधिक. तथापि विसाव्या शतकातील दोन महायुद्धांत दख्खनच्या आणि तमिळ मुलखाच्या हजारो जवानांनी वाळवंटातल्या रात्री कुडकुडत काढल्या, ही इतिहासातील साधी वस्तुस्थिती आहे. ती का घडली आणि तिच्यावर कोणते उपाय शोधले गेले, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम निसर्गाचा हिशेब पाहू. सूर्याची उष्णता दिवसा जमिनीत शिरते आणि रात्री ती आकाशाकडे परत जाऊ लागते. समुद्रकाठच्या किंवा भातशेतीच्या प्रदेशात हवेत बाष्प भरपूर असते. हे बाष्प आणि ढग जमिनीतून निघणारी उष्णता अडवून पुष्कळशी खाली परत पाठवितात. जणू धरित्रीवर रात्रीपुरते पांघरूण घातले जाते. वाळवंटावर हे पांघरूण नसते. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे सूर्य मावळताच उष्णता मोकळ्या वाटेने निघून जाते. त्यात वाळूचा स्वभाव असा की ती उष्णता खोलवर मुरू देत नाही. वरचा चार बोटांचा थर तेवढा भाजून निघतो आणि तोच थर झपाट्याने निवतो. हातभर खाली मात्र दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ जाणवत नाही. म्हणूनच वाळूत खड्डा खणून त्यात निजणारा शिपाई वारा चुकवितो आणि थोडी ऊबही मिळवितो. भर दुपारी जेथे पाय ठेववत नाही, तेथेच पहाटे दात वाजतात, याचे कारण हे इतके सरळ आहे. राजस्थानातील चुरू येथे उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांवर गेल्याची नोंद आहे आणि हिवाळ्यात तेथेच तो शून्याखालीही उतरतो. बगदादचा उन्हाळा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. पण जानेवारीतील रात्री चार-पाच अंशांच्या आणि कधी कधी गोठणबिंदूच्याही खाली जाणाऱ्या.

दिवस आणि रात्र यांच्या मागण्या अशा परस्परविरुद्ध असल्यामुळे वाळवंटातील शिपायाच्या पोशाखाचा प्रश्न अवघड होतो. बर्फाळ प्रदेशात जाणाऱ्या सैन्याला निदान एवढे तरी ठाऊक असते की गरम कपडा सदैव अंगावर राहणार आहे. वाळवंटातील शिपायाला तोच कपडा बारा तास पाठीवर ओझे म्हणून वाहावा लागतो आणि बारा तास प्राण वाचविण्यासाठी अंगावर घ्यावा लागतो. तो ज्या वेळी टाकून द्यावासा वाटतो, त्यानंतर काही तासांतच त्याची सर्वांत अधिक गरज भासते.

१७९८च्या जुलैमध्ये नेपोलियनची फौज अलेक्झांड्रियाला उतरली, तेव्हा तिच्या अंगावर युरोपात लढताना घातलेला घट्ट लोकरी गणवेशच होता. नाईल नदी गाठेपर्यंतच्या वाटचालीत तहान आणि ऊन यांनी ती फौज हैराण झाली. पुढे त्याच वर्षी तिच्यासाठी सुती गणवेश शिवून घेण्यात आले. त्या सैन्यातील नामांकित सर्जन लारे याने शिपायांत पसरलेल्या नेत्ररोगाचा संबंध दिवसाच्या प्रखर उजेडाशी आणि रात्रीच्या गारठ्याशी जोडला होता. तो रोग संसर्गाने पसरतो हे पुढे सिद्ध झाले. परंतु मिसरची रात्र हा दुर्लक्ष करण्याजोगा विषय नव्हे, हे त्याच्या ध्यानात आले होते, एवढे खरे.

याच फ्रेंचांशी लढण्यासाठी १८०१ साली हिंदुस्थानातून जनरल बेअर्डच्या हाताखाली एक फौज तांबड्या समुद्रावरील कुसेर बंदरात उतरली. तिच्यात मुंबई इलाख्यातील देशी पलटणी होत्या, तसेच मद्रासचे पायोनियरही होते. कुसेरपासून नाईलकाठच्या केना गावापर्यंतचे सुमारे १२० मैलांचे निर्जल वाळवंट या फौजेने ओलांडले. दिवसा छावणी आणि रात्री कूच असा तिचा क्रम होता. रात्री चालणाऱ्याला ऊन लागत नाही आणि चालण्याच्या श्रमामुळे थंडीही वाजत नाही. कपड्याने जे साधावयाचे ते तिने वेळापत्रकाने साधले. प्रत्यक्ष लढाईची पाळी येण्यापूर्वीच फ्रेंचांनी शरणागती पत्करली. या मोहिमेची खूण म्हणून मिळालेले स्फिंक्सचे चिन्ह मद्रास सॅपर्सच्या मानचिन्हांत समाविष्ट आहे. मनोऱ्यावरील लेख कोरला गेला त्याच्या तेरा वर्षे आधीच दक्षिणेतील जवान बोनापार्टच्या फौजेचा माग घेत वाळवंट तुडवून आले होते.

एकोणिसाव्या शतकात सैन्याच्या पोशाखाने मोठे वळण घेतले आणि त्या वळणाचे नाव आपल्याच भाषांतून जगभर गेले. १८४६ साली पेशावरकडे उभारलेल्या गाइड्स पलटणीत हॅरी लम्सडेन याने मातकट रंगाचा कपडा रूढ केला. ‘खाक’ म्हणजे धूळ, तिच्या रंगाचा तो ‘खाकी’. १९०२मध्ये इंग्लंडातील सैन्यानेही तो रंग आपला म्हणून स्वीकारला. पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळावयाची कापडी ‘पट्टी’ इंग्रजीत गेली, सरहद्दीवरील मेंढीच्या कातड्याचा ‘पोस्तीन’ गेला आणि ‘चपली’ही गेली. तांबड्या-निळ्या गणवेशाच्या जागी धुळीत मिसळून जाणारा कपडा आला. पण रंग सुधारला म्हणून विचार सुधारला असे मात्र झाले नाही.

याची दोन उदाहरणे मनोरंजक आहेत. पोटाला गारवा लागला म्हणजे पटकी होते अशी जुनी समजूत होती. म्हणून उष्ण देशांतील गोऱ्या शिपायाच्या कमरेभोवती फ्लॅनेलचा रुंद पट्टा गुंडाळला जात असे. पटकी दूषित पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४मध्ये दाखवून दिले आणि रॉबर्ट कॉखने १८८४पर्यंत तिचा जंतूही निश्चित केला. तरी तो पट्टा पहिल्या महायुद्धापर्यंत चिकटून राहिला. दुसरे उदाहरण पाठीच्या कण्यावर बांधावयाच्या जाड गादीचे. सूर्यकिरण कण्यात शिरून मज्जा बिघडवितात या समजुतीने इराकच्या उन्हात शिपायाच्या पाठीवर ही कापडी गादी शिवलेली असे. ज्या उन्हात अंगातील घाम मोकळा सुटला पाहिजे, त्याच उन्हात पाठ झाकून घ्यावयाची असा तो उपाय होता. सरकारी नियम एकदा कागदावर चढला की त्याचे कारण खोटे ठरले तरी तो सहसा खाली उतरत नाही, याचा हा पुरावा आहे.

नोव्हेंबर १९१४मध्ये हिंदुस्थानी फौज फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. या पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा अशा तीन मराठा पलटणी होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतील शेतकऱ्यांची मुले तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली. नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनची लढाई झाली, माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर १९१५पासून कूत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६पर्यंत, म्हणजे संपूर्ण हिवाळाभर चालला. तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या होत्या. उपासमारीने खंगलेल्या माणसाला थंडी दुप्पट लागते. कारण शरीराची ऊब शेवटी अन्नातूनच निर्माण होते. कपडा ऊब निर्माण करीत नाही, असलेली राखतो. कूतमध्ये राखावयाची ऊबच दिवसेंदिवस कमी होत गेली.

वेढा उठविण्यासाठी खालून जी फौज चाल करून गेली, तिचे हाल याहून निराळे नव्हते. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्ना येथे तिचा हल्ला फसला. त्या दिवशी पावसाने मैदानाचा चिखल झाला होता. वाहने थोडी, तंबू अपुरे; त्यामुळे जखमी शिपाई रात्रभर त्या चिखलात, पावसात आणि बोचऱ्या वाऱ्यात पडून राहिले, आणि गोळीने वाचलेले कितीतरी थंडीने दगावले. नकाशावर हा प्रदेश उष्ण व रुक्ष म्हणून दाखविलेला असतो. त्या रात्री मात्र तेथे जीव घेत होती ती ओल आणि गारठा. या मोहिमेतील अनागोंदीची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९१७ साली वैद्यकीय व्यवस्था आणि वाहतूक यांवर कडक ताशेरे ओढले. उन्हाची बाजूही तितकीच भीषण होती. जुलै १९१७मध्ये रमादीवरील पहिली चढाई सोडून द्यावी लागली, तेव्हा झालेल्या हानीत शत्रूपेक्षा उष्माघाताचा वाटा मोठा होता. एकाच देशात, एकाच सैन्याची, अठरा महिन्यांच्या अंतराने ही दोन रूपे दिसली. ११७ मराठा पलटणीला पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला. त्या किताबामागे या दोन्ही ऋतूंचे सोसणे आहे.

त्याच १९१७ साली पॅलेस्टाइनमध्ये वेगळ्याच कारणाने हीच चूक घडली. ऑक्टोबरच्या अखेरीस बीरशेबा पडले आणि फौज तुर्कांचा पाठलाग करीत वेगाने उत्तरेकडे निघाली. वेगासाठी सामान हलके केलेले होते. अंगावर उन्हाळी खाकी ड्रिल आणि अर्धी विजार. नोव्हेंबरात ही फौज वाळूतून जुदियाच्या डोंगरात चढली आणि तिच्यावर हिवाळी पाऊस कोसळला. वाळूत चालणारे उंट निसरड्या दगडांवर घसरून मरू लागले. लोकरी कपडे मागे कोठारात होते आणि त्यांना पुढे आणणारा रस्ता चिखलात गेला होता. जेरुसलेम ९ डिसेंबरला हाती आले, परंतु त्या विजयाची किंमत पुष्कळांनी कुडकुडत चुकविली. कपडे कमी नव्हते. ते चुकीच्या ठिकाणी होते. रणांगणावर या दोन गोष्टींत भेद राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत हे धडे बऱ्याच अंशी ध्यानात ठेवले गेले. डिसेंबर १९४०मध्ये चौथ्या भारतीय डिव्हिजनने सिदी बरानी घेतले, ते ऐन हिवाळ्यात. या डिव्हिजनबरोबर मद्रास सॅपर्सच्या कंपन्या होत्या. ज्यांना सैन्यात प्रेमाने ‘तंबी’ म्हणत ते तमिळ जवान पूल, विहिरी, रस्ते आणि सुरुंग यांची कामे करीत होते. दिवसा सुती खाकी सदरा व अर्धी विजार, संध्याकाळ होताच लोकरी जर्सी, त्यावर सर्जचा बॅटलड्रेस, त्यावर लांब ग्रेटकोट, आणि काहींच्या अंगात चामड्याचे बिनबाह्यांचे जाकीट, असा थर रचला जाई. डोक्यावर आणि कानांवर विणलेली लोकरी टोपी असे. तिचे इंग्रजी नाव क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हा या गावावरून पडले. आपल्याकडे पहाटे फिरावयास निघालेले आजोबा तीच टोपी घालतात आणि घरातील मुले तिला ‘माकडटोपी’ म्हणतात.

नोव्हेंबर १९४१मध्ये मोठी चढाई सुरू झाली, तिच्या आदल्या रात्रीच वाळवंटावर वादळी पाऊस झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण बीर-अल-गुबी येथे इटालियनांच्या पक्क्या ठाण्यावर चालून गेली. पुढल्या उन्हाळ्यात, २१ जून १९४२ रोजी, तोब्रुक पडले तेव्हा हीच पलटण तेथे होती. वाळवंटात युद्धकैदी झालेले पुष्कळ भारतीय जवान इटलीतील छावण्यांत नेले गेले. जूनमध्ये पकडलेल्या माणसाच्या अंगावर जूनचाच कपडा असतो. त्याच कपड्यात युरोपातील हिवाळ्याला तोंड देण्याची पाळी त्यांच्यावर आली, आणि रेड क्रॉसमार्फत पोहोचणाऱ्या पार्सलांचे मोल त्यांना तेव्हा कळले. बीर हकीमजवळ पकडले गेलेले तमिळनाडूचे परमशिव प्रभाकर कुमारमंगलम हे पुढे १९६६मध्ये भारताचे सरसेनापती झाले.

शत्रूनेही आपल्या परीने विचार केला होता. फेब्रुवारी १९४१मध्ये त्रिपोलीस उतरलेल्या जर्मन सैन्यासाठी ऑलिव्ह रंगाचा सुती गणवेश, कॅनव्हास व चामडे यांचे उंच बूट आणि उन्हाळी शिरस्त्राण तयार केले होते. ते जड शिरस्त्राण शिपायांनी लवकरच बाजूला टाकून साधी कापडी टोपी घेतली; लोकरीचा ग्रेटकोट मात्र टाकला नाही. वाळवंटाच्या पोटात शेकडो मैल फिरणाऱ्या ब्रिटिशांच्या दूरगामी टेहळणी दलात तर पोशाखाचे नियम जवळजवळ उरलेच नव्हते. डोक्यावर अरबी रुमाल, पायांत हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील चपल्या आणि रात्री मेंढीच्या कातड्याचा केसाळ डगला असा त्यांचा सरंजाम होता. या दलाबरोबर १९४२पासून भारतीय जवानांची एक तुकडीही काम करीत होती. म्हणजे अनुभवाने शहाणा झालेला शिपाई शेवटी ज्या पोशाखापाशी येऊन पोहोचला, तो वाळवंटातल्या आणि डोंगरातल्या लोकांनी शेकडो वर्षे घातलेलाच पोशाख होता.

अरब बदाऊ उन्हाळ्यातही लोकरीचा सैल अंगरखा घालतो, हे पाहून परक्यांना नवल वाटते. काळा अंगरखा तर अधिकच तापला पाहिजे. १९८०मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की काळा अंगरखा घालणाऱ्याच्या शरीराला पांढऱ्या अंगरख्यापेक्षा अधिक उष्णता पोहोचत नाही. काळे कापड अधिक तापते हे खरे, पण ती उष्णता कापडातच राहते आणि सैल घोळातून वाहणारी हवा ती बाहेर काढते. कपड्याचा रंग आणि जाडी यांच्याइतकेच त्याचे सैलपण महत्त्वाचे आहे, हा त्यातील बोध होय. घट्ट गणवेशाने शिपाई रुबाबदार दिसतो. सैल कपड्यात तो जिवंत राहतो.

लोकरीचे सामर्थ्य तिच्या तंतूत आहे. हा तंतू कुरळा असल्यामुळे कापडात असंख्य बारीक पोकळ्या राहतात आणि त्यांत हवा अडकून पडते. स्थिर हवेइतका उष्णतेचा अडसर दुसरा क्वचितच. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओल शोषताना किंचित उष्णताही देते. दिवसा घामाने भिजलेला सुती सदरा रात्री अंगाला गार चिकटतो आणि शरीराची ऊब खेचून घेतो. म्हणून संध्याकाळी तो बदलून कोरडा होणे, हा वाळवंटातील पहिला नियम. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण दोहोंमध्ये हवेचा आणखी एक थर सापडतो आणि ऊन चढेल तसतसा एकेक काढता येतो. अंगावर एक कांबळे असेल तर त्याचा अर्धा भाग अंगाखाली हवा. निवत चाललेली जमीन वाऱ्याइतकीच ऊब ओढून घेते.

महाराष्ट्रातील धनगराला हे शास्त्र कोणी शिकविले नाही, पण त्याच्या घोंगडीत ते सारे आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचे विणलेले घोंगडे दिवसा खांद्यावर, पावसात डोक्यावर खोळ, रात्री अर्धे अंथरूण आणि अर्धे पांघरूण. माळावरची पौषातील रात्र त्यातच निघते. घोंगड्याचा एक दोषही मराठी माणसाने नेमका हेरला आहे. एकदा का ते पुरते भिजले की जड होते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. ज्या कामाचा निकाल लागत नाही त्याला म्हणूनच आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. हन्नाच्या चिखलात आणि जुदियाच्या पावसात शिपायांनी अनुभवली ती लोकरीची हीच मर्यादा. लोकरीवर पाणी न झिरपणारे आवरण हवे, हा त्यातून निघालेला पुढचा धडा.

एवढा कपडा येत होता कोठून? खाकी ड्रिलच्या बाबतीत दक्षिणेचे नाव प्रथम घ्यावे लागते. मद्रासमधील पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या बिनी कंपनीच्या गिरण्या सैन्याच्या खाकी कापडासाठी विख्यात होत्या. १९९६मध्ये त्या बंद पडल्या. लोकरीसाठी कानपूर, पंजाबातील धारिवाल आणि बंगळूर येथील गिरण्या होत्या. मुंबईशेजारी ठाण्याला १९२५मध्ये सुरू झालेल्या लोकरीच्या गिरणीतही सैन्यासाठी कांबळी विणली जात. म्हणजे जेथे लोकर कोणी घालत नाही अशा दमट गावांत वाळवंटातील रात्रीचे पांघरूण तयार होत होते. ते वेळेवर पोहोचणे हे मात्र गिरणीच्या हाती नव्हते. डिसेंबरमध्ये लागणाऱ्या कांबळ्याची मागणी वैशाखात लिहावी लागते, तेव्हाच पैसा मंजूर व्हावा लागतो, जहाजात जागा राखावी लागते. भर उन्हाळ्यात पंख्याखाली बसून थंडीची कल्पना करणे हे पुरवठा खात्यातील माणसाचे खरे कसब होय. शिपायाचे शौर्य सर्वांना दिसते. या कल्पनाशक्तीचा अभाव मात्र हिवाळा आल्यावरच दिसतो.

स्वतंत्र भारतालाही हा धडा पुन्हा एकदा फार महाग पडला. वाळवंट नेहमी उष्णच असते असे नाही. लडाखमध्ये वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. भूगोलाच्या परिभाषेत ती शीत मरुभूमी होय. ऑक्टोबर १९६२मध्ये ईशान्येकडील नामका चू नदीकाठी जे जवान पाठविले गेले, त्यांपैकी अनेकांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश आणि पायांत कॅनव्हासचे बूट होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांच्या हाताखालील १३ कुमाऊँच्या कंपनीने अपुऱ्या गरम कपड्यांत, शून्याच्या खूप खाली उतरलेल्या थंडीत, शेवटच्या गोळीपर्यंत खिंड राखली. त्या कंपनीतील बहुतेक सर्व जवान धारातीर्थी पडले. फेब्रुवारी १९६३मध्ये त्यांची शरीरे सापडली, ती मोर्च्यांतून होती तशी गोठलेली. ते जवान हरियाणाच्या मैदानातील अहीर होते. बर्फ हे त्यांच्या गावचे नव्हतेच.

त्यानंतर परिस्थिती पुष्कळ सुधारली. डिसेंबर १९७१मध्ये थरच्या वाळवंटात लोंगेवाला येथे २३ पंजाबच्या कंपनीने रात्रभर रणगाड्यांना रोखून धरले, तेही थंडीच्या दिवसांतच. एप्रिल १९८४मध्ये सियाचीनवर चढाई झाली, तेव्हा परदेशातून मागविलेले विशेष गरम पोशाख मोहिमेच्या अगदी आदल्या दिवशी हाती आले. आता असे पोशाख देशात तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. लोकरीच्या जोडीला पिसांचे व कृत्रिम धाग्यांचे हलके थर आले आहेत, आणि ओल बाहेर सोडणारी पण पाणी आत न घेणारी कापडे आली आहेत. तरी फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाला उंच प्रदेशातील जवानांच्या कपड्यांच्या व साहित्याच्या तुटीची नोंद करावीच लागली. कापड बदलले, पण वेळेवर पोहोचविण्याचा प्रश्न जुनाच आहे.

पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर मराठी सैन्य लढले तेही उपाशीपोटी आणि उत्तरेच्या कडाक्यात. दख्खनची माणसे, दख्खनचे कपडे आणि परका हिवाळा हे आपल्या इतिहासातील जुनेच दुःख आहे. मनोऱ्याच्या शिळेवर फक्त विजय आणि पाडाव कोरलेले आहेत. कोणाच्या अंगावर पांघरूण होते आणि कोणाच्या नव्हते, याची नोंद दगडावर होत नसते. ती कोठाराच्या वहीत होते, नाहीतर शिपायाच्या हाडांत. तंजावूरच्या ऊबदार किनाऱ्यावर उभे राहून दूरच्या वाळवंटातील पहाटेची कल्पना करणे कठीण आहे. परंतु ज्यांच्या सहीने कांबळी मंजूर होतात, ती माणसे बहुधा अशाच ऊबदार जागी बसलेली असतात, आणि म्हणून ती कल्पना त्यांना करावीच लागते.